पत्र्यावरची पंचवीस अक्षरे

२०२५ च्या दसऱ्यानंतरची गोष्ट. हळवी भाते कापणीला आली होती, गरवी अजून हिरवी होती. रविवार गाठून मी कर्जतहून खोपोलीच्या गाडीने गावी गेलो. आमचे मूळ गाव खालापूर तालुक्यात. नोकरीपायी बिऱ्हाड कर्जतला. घराच्या ओटीवर आमच्या सूनबाईचे, म्हणजे पुतण्याच्या बायकोचे, छोटेसे दुकान आहे. झेरॉक्स, सातबाराचे उतारे, पीक विम्याचे आणि योजनांचे अर्ज अशी कामे ती करून देते. पुतण्या खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीने जातो. त्यामुळे दुकान पाहणे सूनबाईकडेच.

मी पायरी चढतो न चढतो तोच ती म्हणाली, "काका, बरं झालं आलात. चौदा तारखेनंतर हा कॉम्प्युटर बंद पडणार म्हणतात. एक जण चारशे रुपयांत नव्या विंडोजची की देतोय. घेऊन टाकू का?"

मी चपला काढता काढता परसाकडे पाहिले. कोंबड्यांच्या खुराड्यावर तो पत्रा अजून तसाच होता. कडा गंजलेल्या, वर दोन दगड. मला हसू आले. सूनबाईला वाटले मी तिलाच हसलो.

"तुला त्या पत्र्याची हकिकत कुणी सांगितली नाही वाटतं?" मी विचारले.

तिला ती ठाऊक नव्हती. तिचे लग्न नंतरचे. मग चहा येईपर्यंत मी ती सांगितली, आणि वाचकहो, तुम्हालाही सांगतो. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आता कॉम्प्युटर आहे, आणि असा चारशे रुपयांवाला माणूस तुमच्याही दारात येणारच आहे.

२०१० साल. त्या वर्षी पौषात म्हशाच्या जत्रेत दादांनी बैलजोडी विकली. तिघा भावकीत मिळून पॉवर टिलर घ्यायचे ठरले होते. बैल गेले त्या रात्री दादा जेवले नाहीत. वहिनी गोठ्यात जाऊन रिकाम्या दावणीपाशी उभी राहिली होती. टिलरचा वाटा देऊन जे पैसे उरले ते दादांनी माझ्या पुतण्याच्या हातावर ठेवले. "तुला काय ते कॉम्प्युटरचं दुकान काढायचंय ना? काढ. पण हे बैलांचे पैशे हायत, ध्यानात ठेव."

कॉम्प्युटर मी दिला. २००६ साली घरी घेतलेला, विंडोज एक्सपी असलेला. पुतण्याने त्याची मेमरी वाढवून घेतली, डीव्हीडी घालायची सोय करून घेतली. अडचण एकच होती. एक्सपीवर मराठी नीट उमटण्यासाठी सीडी घालून ती सोय वेगळी बसवावी लागे. ती बसवली नाही की मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत. त्याच्याकडे येणारी माणसे तर तहसीलचे अर्ज, बचत गटाचे ठराव, लग्नपत्रिका घेऊन येणार, सगळे मराठीत. २२ ऑक्टोबर २००९ ला विंडोज ७ बाजारात आले होते. त्यात देवनागरी आधीपासूनच चालत होती. पोराने तेच घ्यायचे ठरवले.

मुंबईहून तो डबा घेऊन आला. अस्सल, बिलासकट. डब्यावर अपग्रेड असे लिहिले होते. विंडोज ७ च्या घरगुती आवृत्तीचा पूर्ण परवाना अमेरिकेत तेव्हा २०० डॉलरला होता आणि अपग्रेडचा १२० ला. इकडेही अपग्रेड स्वस्त पडे, म्हणून त्याने तोच घेतला. त्यात काही चुकले नव्हते. चूक झाली ती पुढे, आणि ती माझी.

मी म्हणालो, "नवं बसवायचं तर जुनं सगळं पुसून काढ. शेत नांगरून स्वच्छ केल्याशिवाय पेरणी करतात का?" मी बीएस्सी अ‍ॅग्री, साहेब माणूस. माझा शब्द कोण मोडणार? पोराने आपले कागद पेनड्राइव्हवर घेतले आणि डिस्क फॉरमॅट मारली. एक्सपीचा मागमूस उरला नाही. मग विंडोज ७ बसवले. बसले की! छान चालू लागले. की नंतर घालू म्हणून ती जागा कोरी सोडली, कारण तीस दिवस ते कीशिवायही चालते. आवणी तोंडावर आलेली, त्या गडबडीत ते राहून गेले.

सत्ताविसाव्या दिवशी की घातली तेव्हा कॉम्प्युटरने ती नाकारली. मजकूर इंग्रजीत होता. त्याचा अर्थ असा, की ही की अपग्रेडची आहे, नव्याने बसवलेल्या विंडोजला चालणार नाही.

पोराचा मला कर्जतला फोन आला. आवाज रडवेला. आणखी तीन दिवसांत पडदा काळा होणार आणि कोपऱ्यात 'ही प्रत अस्सल नाही' असे इंग्रजीत येणार. यंत्र बंद पडत नाही, पण दुकानात आलेल्या माणसाला ते दिसते. दाखले-अर्जांचे दुकान, आणि त्याच्याच यंत्रावर 'अस्सल नाही' हे लिहिलेले!

संध्याकाळच्या गाडीने मी गावी गेलो. दादा ओटीवर बसले होते. त्यांनी एवढेच विचारले, "बैल पाण्यात गेलं का?"

त्या रात्री डब्यावरचा मजकूर मी पहिल्यांदा नीट वाचला. नियम स्पष्ट छापलेला होता. आम्ही तो वाचला नव्हता. तो असा : अपग्रेडचा परवाना हा पुरता परवाना नव्हे. तुमच्याकडे आधीच्या विंडोजचा परवाना असेल तर त्याच्यावर हा चढतो. नवे विंडोज बसताना डिस्कवर जुने आहे का ते पाहते. दिसले तर की स्वीकारते. आम्ही जुने आधीच पुसून टाकले होते.

दादांना मी आंब्याच्या कलमाचा दाखला दिला. दापोलीला शिकताना हातांनी कलमे बांधलेली. म्हटले, "दादा, रोपवाटिकेतून पुरते कलम घेतले तर त्याची किंमत वेगळी आणि नुसती कलमकाडी घेतली तर वेगळी. काडी स्वस्त असते, कारण खुंट आपल्या घरचा असतो. आपण काडी आणली आणि घरचा खुंटच उपटून टाकला."

दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे फेरफार म्हण की. आधी बापाचं नाव सातबाऱ्याला पाहिजे, तवा पोराचं चढतं. बापाचं नावच खोडलं तर तलाठी काय करील?"

मी इतकी वर्षे शेतकऱ्यांना समजावून सांगतो, पण दादांच्या या दाखल्यावर माझे कलम फिके पडले.

पोराच्या एका मित्राने दोन उपाय सुचवले होते. पहिला, कुलूप मोडणारी एक डिस्क खोपोलीत पन्नास रुपयांत मिळते, ती घालायची. दुसरा, तेच विंडोज स्वतःच्याच अंगावर दुसऱ्यांदा बसवायचे, म्हणजे त्याला वाटते खाली जुने काहीतरी आहे. दुसरी युक्ती चालते हे मी पुढे ऐकले. पहिलीही चालली असती. पोरगा म्हणाला, "काका, बाजारात सगळेच तसं करतात."

आता माझी पंचाईत पाहा. बियाण्यांच्या दुकानांत जाऊन पिशव्यांची टॅग तपासणे हे माझ्या नोकरीतले काम. बोगस बियाण्याच्या पिशव्यांचा पंचनामा मी स्वतः केलेला. दरवर्षी मेमध्ये गावोगावच्या सभांत मी सांगतो, की कर्जत-३ घ्या नाही तर सह्याद्री संकरित घ्या, पण पिशवी, तिचा टॅग, बिल आणि मूठभर बियाणे काढणी होईपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही तर तक्रारीला तोच पुरावा. अशा माणसाने घरच्या ओटीवर पन्नास रुपयांची डिस्क चालवायची? आणि त्या डिस्कमध्ये आणखी काय काय भरले असेल कोण जाणे. लोकांच्या जमिनीचे कागद त्या यंत्रात जाणार होते.

"आपल्याकडे एक्सपीचा खरा परवाना आहे," मी म्हणालो. "तो पुन्हा बसवू, आणि त्याच्यावर हे चढवू. आपला हक्क आहे तो." एक्सपीची सीडी कर्जतला माझ्या कपाटात होती, ती मी बरोबर आणली होती. फक्त एक्सपीची की हवी होती. ती कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर चिकटवलेली होती.

पोराने कॅबिनेटकडे पाहिले. मीही पाहिले. बाजूचा पत्रा नव्हताच. वैशाखात यंत्र तापते म्हणून तो काढला होता आणि समोर पंखा लावला होता.

"पत्रा कुठं आहे?"

आतून वहिनी म्हणाली, "भावजी, तो होय? खुराडं गळत होतं, म्हणून मी वर टाकला."

कंदील घेऊन आम्ही परसात गेलो. आषाढाचा पाऊस धो धो पडत होता. दगड काढले, पत्रा उचलला, आत कोंबड्यांनी कालवा केला. नशीब असे, की लेबल खालच्या अंगाला होते. पाऊस लागला नव्हता, पण कोंबड्यांनी एका कोपऱ्याला चोची मारल्या होत्या आणि बाकी जे करायचे तेही केले होते. वहिनीने ओल्या फडक्याने हळूहळू पुसले. पाच-पाच अक्षरांचे पाच गट, मिळून पंचवीस. बावीस स्पष्ट लागली, तीन लागेनात.

इथे एक गोष्ट सांगतो, जिचा मला त्या रात्री उपयोग झाला. एक्सपीच्या आणि विंडोज ७ च्या कीमध्ये इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिळून चोवीसच चिन्हे वापरलेली असतात. इंग्रजी ओ नाही आणि शून्यही नाही, म्हणजे दोहोंचा घोटाळा होत नाही. आय, एल आणि एक नाहीत. एस आणि पाच नाहीत. स्वर एकही नाही. हे कळले की निम्मा गोंधळ संपतो. मात्र बी आणि आठ दोन्ही आहेत, जी आणि सहा दोन्ही आहेत. आमची तीन अक्षरे नेमकी त्यातलीच निघाली. एक बी किंवा आठ, एक जी किंवा सहा, आणि तिसऱ्याचा वरचा अर्धाच भाग उरलेला, तो व्ही असेल किंवा वाय.

दोन, दोन आणि दोन, म्हणजे आठ प्रकार. वहिनीला हिशेब विचारला तर ती म्हणाली, "आठच ना? मग बसा घालत." एक्सपी बसत असताना मध्येच की मागते. चुकली तर चुकली म्हणते आणि पुन्हा मागते, तिथे दंड नाही. सहाव्या खेपेला ते पुढे सरकले. पोराने माझ्याकडे बघितले आणि डोळे पुसले. रात्रीचे दीड वाजले होते.

एक्सपी बसल्यावर त्याच्या आतूनच विंडोज ७ ची डिस्क चालू केली. या वेळी आम्ही काही पुसले नाही. जुन्या एक्सपीवरून थेट सातवर जाताना ते जुने सामान एका वेगळ्या फोल्डरमध्ये गुंडाळून ठेवते आणि स्वतः नवे बसते. डब्यावरची की घातली. तीच की, जी सकाळी नाकारली होती. घेतली.

पण इतक्याने संपत नाही. की घेतली म्हणजे अर्ज दाखल झाला. मंजुरी कंपनीकडून यायची असते, त्यालाच अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. इंटरनेट असेल तर ते क्षणात होते. आमच्या गावात तेव्हा ते नव्हते. दुसरा मार्ग फोनचा. पडद्यावर सहा-सहा आकड्यांचे नऊ गट येतात, म्हणजे चौपन्न आकडे. ते फोनवर कळवायचे. पलीकडून यंत्राचा आवाज सहा-सहाचे आठ गट सांगतो, अठ्ठेचाळीस आकडे. ते इकडे भरायचे.

मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त खळ्यापलीकडच्या चिंचेखाली. सकाळी पाऊस उघडल्यावर मी चिंचेखाली उभा राहिलो, पोरगा ओटीवर कॉम्प्युटरपुढे बसला, आणि मध्ये खळ्यात वहिनी. तो ओरडून सहा आकडे सांगायचा, वहिनी ते माझ्यापर्यंत पोचवायची, मी फोनवर दाबायचे. शेजारी बांधावर आवणीला निघालेल्या बाया थांबून पाहू लागल्या. एकीने विचारले, "लिलाव चाललाय की काय?" मग उलट दिशेने अठ्ठेचाळीस आकडे आले. ते मी खताच्या पावतीच्या पाठीवर लिहून घेतले आणि ओटीवर जाऊन स्वतः वाचून दाखवले, कारण आता चूक परवडणारी नव्हती.

पडद्यावर अ‍ॅक्टिव्हेशन झाल्याचे आले. दादा आतून बाहेर आले, पडद्याकडे पाहिले. त्यांना इंग्रजी येत नाही. "चढलं का नाव?" त्यांनी विचारले. चढले म्हणताच टिलर घेऊन चिखलणीला गेले.

लेबलाची आम्ही तीन ठिकाणी नक्कल करून ठेवली. मग वहिनीने पत्रा मागितला, कारण खुराडे रात्रभर गळत होते. तिला तो दिला. यंत्राला पुढे पत्रा कधी लागला नाही.

तो कॉम्प्युटर आता राहिलेला नाही. एक्सपीला कंपनीकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला थांबल्या, विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० ला. सूनबाईचे सध्याचे यंत्र २०१६ मध्ये घेतलेले, हातचे, विंडोज ७ असलेले. त्या वर्षी २९ जुलैपर्यंत सातवरून दहावर फुकट जाता येत होते. पुतण्याने आधीचा धडा लक्षात ठेवून काही न पुसता ते मुदतीत करून घेतले होते.

चहा आला तेव्हा मी सूनबाईला तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. १४ ऑक्टोबर २०२५ ला यंत्र बंद पडणार नव्हते. त्या दिवसापासून विंडोज १० ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे थांबणार होते. शेताला कुंपण आहे, पण मोडले तर दुरुस्त करायला कोणी येणार नाही, तसे. नोंदणी करणाऱ्याला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्ष वाढीव दुरुस्त्या मिळायच्या होत्या.

"मग ती चारशेची की?" ती म्हणाली.

"ती कशाला? दहाचा खरा परवाना असला तर अकरावर जायला पैसे पडत नाहीत आणि कीही लागत नाही. जुन्याचा हक्क आपोआप पुढे चालतो. आपली अडचण कीची नाहीच, यंत्राची आहे." विंडोज ११ ला चार जीबी मेमरी आणि चौसष्ट जीबी जागा लागते, तेवढी तिच्याकडे होती. पण टीपीएम नावाची सुरक्षेची सोय २.० प्रकारची लागते आणि प्रोसेसर त्यांच्या यादीतला लागतो. तपासणीत तिचा प्रोसेसर जुना निघाला. अशा यंत्रात चारशेची काय, अस्सल पुरती की घातली तरी ते नियमात बसत नाही. शिवाय इतक्या स्वस्तात विकली जाणारी की पुष्कळदा कुठल्या तरी दुसऱ्याच्याच परवान्यातली असते. आज चढते आणि पुढे केव्हा तरी रद्द होते. बिल नाही, टॅग नाही. उगवले नाही तर कोणाकडे जाणार?

"पण माझ्या दहाची की कुठं आहे?" तिने विचारले. "डब्यावर तर सातची आहे."

प्रश्न बरोबर होता. फुकट चढलेल्या दहाची वेगळी की कागदावर मिळतच नाही. तो परवाना कंपनीच्या दप्तरी त्या यंत्राच्या नावे नोंदलेला असतो, मुख्यतः त्याच्या मदरबोर्डवरून. त्याच यंत्रात दहा पुन्हा बसवले तर की न घालता ते ओळख पटवून घेते. मदरबोर्ड बदलला तर मात्र ओळख बुजते. म्हणून आधीच तो परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवायचा. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर तो खात्याला जोडलेला आहे की नाही ते दिसते. तिचा नव्हता. आम्ही लगेच जोडला आणि वाढीव वर्षाची नोंदणीही केली. डब्यावरच्या सातच्या कीवर आता विसंबता येत नाही. सात आणि आठच्या की नव्या विंडोजला चालवून घेण्याची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

नवीन यंत्र घेईपर्यंत तिला एक वर्ष मिळाले. जुने टाकून द्यायला नको, असेही मी म्हणालो. लिनक्स बसवले तर की आणि परवान्याचा विकतचा व्यवहारच नाही. मुलाला शिकायला ते पुरेल. तिच्या काही सरकारी कामांची सही त्यावर चालते का, ते आधी पाहावे लागेल.

सूनबाईने बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात फेरफाराचे उतारे, टिलरचे कागद, वीजबिले होती. यंत्राचे बिल, डब्यावरच्या लेबलाची झेरॉक्स आणि खात्याचे नाव लिहिलेला कागद तिने त्यातच घातला. खात्याचा पासवर्ड मी तिला लिहू दिला नाही, यावर आमची थोडी हुज्जत झाली.

मग ती परसात गेली, दगड बाजूला केले आणि पत्रा उलटा करून पाहू लागली. लेबलाचा अर्धा तुकडा अजून चिकटलेला होता. "काका, यावर दोन गट दिसताहेत अजून," ती ओरडली. "आत आणून ठेवू का?"

झोपाळ्यावरून दादांनी आवाज दिला. कानांनी कमी झाले असले तरी हे त्यांना बरोबर ऐकू आले. "ऱ्हाऊ दे तिथंच, पोरी. ढग आलेत. कोंबड्या भिजतील."